निवांतबेटावरचा पाहुणा

एके काळी, काचेच्या पडद्यापलीकडच्या समुद्रात एक बेट होतं. निवांतबेट त्याचं नाव. ते होतं एका व्हिडिओ गेममधलं. पण त्यावर जीव लावणाऱ्या मुली हाडामांसाच्या होत्या, म्हणून त्यांची गोष्ट सांगायला हवी.

त्या खेळात बाकी सगळीकडे लढाया आणि शर्यती. निवांतबेट तेवढं प्राण्यांसाठी राखलेलं. तिथे जाळं नाही, पिंजरा नाही, बंदूक नाही. खेळणाऱ्यानं झाडं लावायची, पाणवठे खणायचे आणि वाट बघायची. जागा मनाला आली की प्राणी पोहत नाहीतर उडत आपणहून यायचे. घाबरले की तसेच निघून जायचे.

कुंदा नावाच्या मुलीनं आणि तिच्या चार मैत्रिणींनी वर्षभर खपून हे बेट वसवलं होतं. रोज संध्याकाळी कुंदाच्या घरी एका टॅबलेटभोवती पाच डोकी जमायची. आज ऊदमांजर आलं, आज भेकराला पिल्लू झालं, अशा बातम्या गल्लीभर व्हायच्या. पारू त्यांच्यात सगळ्यात धाकटी. तिचा जीव एका अस्वलावर. ते अस्वल झाडाला पाठ घासू लागलं की इकडे पारू हसून लोळायची.

कुंदाचा थोरला भाऊ हणमंत. गावच्या कबड्डी संघात त्याच्यासारखा चढाई करणारा दुसरा नव्हता. पलीकडच्या अंगणात शिरला की कुणाला तरी शिवल्याशिवाय तो परतायचाच नाही. पण एका सामन्यात त्याचा पाय मोडला. डॉक्टरांनी मांडीपर्यंत प्लास्टर घातलं आणि दीड महिना खाटेवर बसायला सांगितलं.

आता ज्याला दीड मिनिट बसवत नाही, त्यानं दीड महिना काय करावं? हणमंत भिंतीवरच्या पाली मोजू लागला. आईवर चिडू लागला. शेवटी कुंदालाच त्याची दया आली.

"दादा, शाळेच्या वेळात आमचं बेट खेळ. पण कुणाच्या मागं धावायचं न्हाई."

"मग जिंकायचं काय?"

"हितं जिंकायचं नसतं. नुसतं ऱ्हायाचं असतं."

"असला कसला खेळ!" हणमंत हसला. पण टॅबलेट त्यानं घेतला.

दुसऱ्या दिवशी मुली शाळेत गेल्या आणि हणमंत बेटावर उतरला. म्हणजे खेळातला त्याचा गडी उतरला. समोरच्या बेहड्याच्या जुन्या झाडावर सोनेरी चोचीचा एक धनेश बसला होता. हा पक्षी क्वचितच कुणाला दिसतो, हे मुलींच्या बोलण्यातून हणमंतनं ऐकलं होतं. वर्षभरात त्यांनाही तो दिसला नव्हता. हणमंतच्या अंगात चढाई शिरली. त्यानं गडी पळवला.

धनेश उडाला. हणमंत त्याच्यामागे. गवत तुडवत, घरट्यांवरून उड्या मारत, पाणवठ्यातून पाणी उडवत.

बेटाची राखण करणारं म्हातारं कासव आडवं आलं. "पाहुणे, धावू नका," ते म्हणालं. "इथून पळालेलं कुणी लवकर परतत नाही."

"आजोबा, बाजूला व्हा!" हणमंत पडद्याला म्हणाला आणि कासवावरून उडी मारून पुढे गेला.

भेकरं समुद्रात उतरली. त्यांच्यामागे ऊदमांजरं. मोरांचा थवा उडाला. अस्वलानं एकदा मागे वळून बघितलं आणि तेही लाटांत शिरलं. दुपारपर्यंत हणमंत बेटाला सात फेऱ्या मारून थांबला, तेव्हा त्याच्या ध्यानात आलं, की टॅबलेटमधून वाऱ्याखेरीज कसलाच आवाज येत नाही. किनाऱ्यावर कासव तेवढं होतं. त्यानंही मान आत घेतली आणि ते पाण्यात सरकलं.

संध्याकाळी मुली आल्या. पडदा उघडला. बेट रिकामं होतं.

मग पारू म्हणाली, "माझं अस्वल कुठं गेलं?"

"टॅबलेट बिघडला असंल," हणमंत म्हणाला.

पारूनं विश्वास ठेवला. तिनं फ्रॉकच्या टोकानं पडदा पुसला, पुन्हा वाकून बघितलं, पुन्हा पुसला. भरल्या मैदानात हरतानाही त्याला इतकी लाज वाटली नव्हती.

"पारू, पुसू नगंस," तो म्हणाला. "बिघडलेलं काय न्हाई. मी पळवलं सगळ्यांना."

कुंदा उठून आत गेली. मैत्रिणी घरी गेल्या. त्या रात्री कुंदा भावाकडे पाठ करून जेवली.

सकाळी हणमंतनंच विचारलं, "परत कसं आणायचं त्यांना?"

"आणता येत न्हाई. आली तर येतात."

"किती दिवस लागतील?"

"आमचं वर्ष गेलं," कुंदा म्हणाली आणि दप्तर उचलून चालू लागली.

हणमंतनं टॅबलेट मांडीवर घेतला. तुडवलेलं गवत पुन्हा पेरलं. गढूळ झालेले पाणवठे उपसले. मग आपला गडी बेहड्याखाली बसवला आणि स्वतःचे दोन्ही हात चादरीखाली घातले. बोटं नुसती वळवळत होती. पहिले तीन दिवस कुणीही आलं नाही. चौथ्या दिवशी एक बेडूक आला. हणमंत इतका जोरात ओरडला, की आई हातात लाटणं घेऊन धावत आली.

"काय झालं रं?"

"बेडूक आला!"

आईनं कपाळावर हात मारला. पण बेडूक बघायला ती पाच मिनिटं थांबली.

मग बगळे आले. ऊदमांजरांची जोडी आली. हणमंत आता ओरडत नव्हता. कोण कुठल्या वाटेनं येतं, कोण आधी वास घेतं, कोण आधी पिल्लांना पुढे करतं, हे त्याला पाठ झालं. संध्याकाळी मुली आल्या की तोच त्यांना दिवसभराची हकिगत सांगायचा. कुंदाचा राग केव्हा विरला, ते तिलाही कळलं नाही. ज्या दिवशी अस्वल परतलं, त्या दिवशी पारूनं हणमंतच्या प्लास्टरवर पेनानं भलंमोठं अस्वल काढलं. शेवटी म्हातारं कासव किनाऱ्याला लागलं.

"पाहुणे, अजून इथेच?" त्यानं विचारलं.

"इथंच हाय, आजोबा," हणमंत म्हणाला.

पाचव्या आठवड्यात, एका दुपारी, धनेश आला. गड्यापासून हातभर अंतरावर उतरला. पडद्यावर अक्षरं झळकली : 'स्पर्श करा आणि बेटाचे राजे व्हा.' हणमंतचा अंगठा उचलला गेला. नुसतं शिवायचं होतं. आयुष्यभर त्यानं दुसरं केलं काय होतं?

त्यानं टॅबलेट अलगद उशीवर ठेवला आणि अंगठा मुठीत दाबून धरला. अक्षरं थोडा वेळ लुकलुकली आणि विझली. धनेशानं मान वाकडी करून गड्याकडे बघितलं, आणि मग एक लांब साद घातली. त्या सादेवर त्याची मादी आली. दोघांनी बेहड्याची ढोली पाहिली. मादी आत शिरली आणि तिनं आतून चिखलानं दार लिंपून घेतलं. चोचीपुरती फट तेवढी ठेवली.

मुली आल्या तेव्हा धनेश त्या फटीतून मादीला फळं भरवत होता.

"दादा, हे घर करायला लागलेत!" कुंदा किंचाळली आणि लगेच स्वतःच्याच तोंडावर हात ठेवून कुजबुजली, "कसं केलंस रं?"

"काय बी केलं न्हाई," हणमंत म्हणाला, आणि ते अगदी खरं होतं.

खेळातले दिवस भराभर सरतात. हणमंतचं प्लास्टर निघालं त्याच आठवड्यात ढोलीचं दार फुटलं आणि पिल्लू बाहेर आलं. गल्लीतली निम्मी माणसं खाटेभोवती जमली. आईनं शिरा केला. पिल्लानं पंख फडफडवले, पहिली झेप घेतली, आणि सगळं बेट सोडून ते हणमंतच्या गड्याच्या डोक्यावर जाऊन बसलं. घरात एवढा हशा उसळला, की शेजारचा कुत्राही भुंकायला लागला. बेटावरचा मात्र एकही प्राणी जागचा हलला नाही.

म्हणून, लहानथोरांनो, लक्षात असू द्या : ज्याला आपलंसं करायचं, त्याच्यामागे धावू नये, आपल्याजवळ त्याला भीती वाटणार नाही, असं आपण व्हावं.