ठकूबाईचा पट्टा

गावाच्या वर, डोंगराच्या अंगावर तो काळा पट्टा दिसतो ना, बाळांनो? आजूबाजूला सगळं पिवळं गवत आणि मधोमध जळकी जमीन. येणारे पाहुणे विचारतात, वणवा लागला होता का? नाही. तो आम्ही स्वतः जाळतो. का, ते ऐका. मी पाहिलेलं नाही, माझ्या आजोबांनीही नाही. पण आमच्या कुसरेवाडीत असंच सांगत आले आहेत.

ठकूबाई झोरे ही धनगराची बाई. नवरा वारलेला. चार म्हशी, गावाच्या डोक्यावर गवताचं एक रान आणि त्या रानातच झोपडी, एवढाच तिचा संसार. त्या वर्षी पाऊस लवकर आटोपला होता. फाल्गुनातल्या एका दुपारी वरच्या खिंडीत धूर दिसला. पाहता पाहता वारा सुटला आणि वणवा डोंगर उतरू लागला. गावातून बाहेर पडायची वाट एकच, तीही त्या खिंडीतून. खाली सरळ कडा. पळायचं कुठे?

माणसं हिरव्या फांद्या घेऊन धावली, आगीला झोडपू लागली. पण इथे विझवावी तर ती तिथे पेटे. कुणाच्या भुवया जळाल्या, कुणाचे हात भाजले. आदल्याच साली पलीकडच्या वाडीत अशा वणव्यात अकरा माणसं गेली होती. प्रत्येकाला तेच आठवत होतं.

ठकूबाईलाही आठवत होतं. वणव्यानंतर त्या वाडीत ती स्वतः जाऊन आली होती. सगळी घरं राख झालेली, पण एकच घर उभं होतं, कारण त्याच्याभोवतीच्या शेतात घरधन्याने आदल्याच दिवशी राब भाजला होता, म्हणजे पेरणीआधी पालापाचोळा पसरून जमीन जाळली होती. जळलेल्या मातीवर आगीला खायला काही मिळालं नव्हतं.

ती पाटलांपुढे उभी राहिली. "पाटील, माझं रान पेटवा. खालच्या पायवाटेपासून."

रायाजी पाटील ओरडले, "येडी झालीस का? आग विझवायची सोडून लावतेस?"

"तिच्या आधी आपण जाळू. मग ती आली तरी खाईल काय?"

"अगं, तुझी झोपडी आहे वर! म्हशींची वर्षाची वैरण आहे!"

"म्हशी सोडल्यात मी," ती म्हणाली. "झोपडीत माणूस नाही. गावात माणसं आहेत."

मग पाटलांनीच बायाबापड्यांना पायवाटेवर ओळीने उभं केलं, प्रत्येकाच्या हातात ओलं गोणपाट. ठिणगी वाटेच्या खाली पडली की झोडपायची. ठकूबाईने चुलीतला पलिता आणला आणि आपल्या रानाला आपल्या हाताने लावला.

वाऱ्याच्या उलट ती आग हळूहळू वर सरकली. झोपडी पेटली. ठकूबाईने तिकडे पाठ केली आणि ती गोणपाट घेऊन ओळीत उभी राहिली. मग वरचा वणवा आणि खालची आग समोरासमोर आल्या, एकदम मोठा भडका उठला, आणि बसला. नुसता धूर राहिला. कुणाला खरंच वाटेना. मग एक म्हातारी मटकन खाली बसली आणि रडता रडता हसायला लागली. तिचं बघून सगळेच हसू लागले, काळ्या तोंडांनी.

दुसऱ्या दिवशी गावाने ठकूबाईची झोपडी बांधायला घेतली. म्हशींचं काय, हा प्रश्न होताच. तर प्रत्येक घरातून एकेक पेंढी आली. ढीग केवढा झाला, तर नव्या झोपडीचं दार उघडेना! ठकूबाई कमरेवर हात ठेवून म्हणाली म्हणे, "आता मी आत जाऊ कुठून?"

आजही माघ सरता सरता, वारा पडलेला दिवस पाहून, वनखात्याची माणसं सोबत घेऊन आम्ही तो पट्टा जाळतो. मोठी माणसंच जाळतात, ओली गोणपाटं घेऊन. पलिता झोऱ्यांच्या घरची सून लावते. आणि संध्याकाळी तुमच्याएवढी पोरं घरोघरची पेंढी डोक्यावर घेऊन झोऱ्यांच्या अंगणात जातात. झोऱ्यांकडे आता एकही म्हैस नाही. तरी पेंढ्या जातात, आणि ती सून हसून त्या उतरवून घेते.