मैनेची बिनपैशाची आरास

नगर नव्हतं, राजा नव्हता. हिरवीगार टेकडी होती आणि तिच्या पायथ्याशी मैनेचं इवलंसं घर. घरात मैना आणि तिची आई, दोघीच. आई वाती वळून विकायची. दिवाळीत सगळ्या गावाची घरं तिच्या वातींनी उजळायची आणि हिच्याच घरी फराळाला चिवडा नि लाडू, बस्स. असं का असतं ते मला विचारू नका, माझं डोकं फिरतं.

तरी आईने मामाला आणि मावशीला फराळाला बोलावलं होतं. हे सख्खे बहीणभाऊ तीन वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. का? तर मामा म्हणाला होता, "तुझी चकली मऊ पडली." आता बोला. आई अगदी विटून गेली होती. "यंदाही बोलले नाहीत, तर पुढच्या वर्षीपासून दिवाळीला कुणालाच बोलवायचं नाही," ती म्हणाली.

मैनेने ठरवलं, टेबल इतकं सुंदर सजवायचं की दोघं रुसायचंच विसरतील. टेबल म्हणजे दोन खोक्यांवर ठेवलेली फळी. पण दिवाळीत झेंडूला भाव चढतो, आणि मैनेकडे फुटकी कवडीही नव्हती. म्हणून सकाळी ती परसातल्या पारिजातकाखाली गेली. केशरी देठांची पांढरीशुभ्र फुलं टपटप पडत होती, गवतावर दंव लुकलुकत होतं, आणि सगळ्यात खालच्या फांदीवर बोटाएवढी परी बसली होती. गुलाबी झगा, रुपेरी पंख आणि कपाळावर हीऽ आठी.

"तीन इच्छा मिळतील," परी म्हणाली. "माणसांची मनं बदलून मिळणार नाहीत. नवी इच्छा मागितली की आधीची वस्तू नाहीशी. पटकन माग, बाई."

मैनेने टेबलासाठी सोन्याचा मोर मागितला. मोर आला, छताला टेकेल एवढा, निळ्या-जांभळ्या झगमगत्या पिसाऱ्याचा. मग मामा आला, मावशी आली. असा मोर बघून माणसाने तोंडात बोट घालावं की नाही? नाव नको. मामा पिसाऱ्याच्या अलीकडे बसला, मावशी पलीकडे. "बरं झालं, तोंड दिसत नाही," दोघंही पुटपुटले.

मैना धावत परसात गेली. "परीताई, बसकं काहीतरी दे गं."

मोर गेला आणि टेबलभर चांदीचं तळं पसरलं, त्यात मोत्यांची कमळं, कमळांवर चिमुकले दिवे. सुरेख होतं हो, पण बशी ठेवायला जागा कुठे? मामा बशी मांडीवर घेऊन भिंतीकडे वळला, मावशी खिडकीकडे.

"मैने, त्यांना सांग, चहा निवतोय," मावशी म्हणाली.

"मैने, तिला सांग, मला कळतं," मामा म्हणाला.

बसलेत चार हातांवर, आणि निरोप पोचवणार कोण, तर हे एवढंसं पोर. मला तर दोघांच्याही पाठीत धपाटा घालावासा वाटतो.

मैना परत पारिजातकाखाली जाऊन मटकन बसली. परी पंख चोळत होती. "आता शेवटची. आवर गं. तुझं झाल्याशिवाय मला घरी जाता येत नाही."

"तुझ्या घरी पण दिवाळी असते?"

"असते की. अंघोळी उरकून सगळी माझ्यासाठी फराळाची खोळंबली असतील. दरवर्षी हेच. तिसरी इच्छा कुणाला लवकर सुचेल तर शपथ."

मैनेने घराकडे पाहिलं, परीकडे पाहिलं. तिला रडू येत होतं. तरी ती म्हणाली, "मग तू घरी जा. हीच माझी इच्छा."

परीच्या कपाळावरची आठी गेली. "आणि तुझं टेबल?"

"बघते मी काहीतरी."

तळं विरून गेलं, फळी उघडी पडली. मैनेने ओचाभर पारिजातक वेचला. बंबाच्या जळणातल्या तीन करवंट्या घासून घेतल्या, त्या डगमगू नयेत म्हणून खाली चिंध्यांच्या चुंबळी ठेवल्या, पाणी भरून त्यात फुलं सोडली. मधे मधे दोन पणत्या. उंच नको, पसरट नको, एवढं तिला आता कळलं होतं. सगळं मिळून वीतभरसुद्धा नव्हतं.

जागा झाली तशी मामाने बशी टेबलावर ठेवली. मावशीनेही ठेवली. पणतीचा पिवळा उजेड मामाच्या तोंडावर पडला, आणि मावशी बघतच राहिली.

"दादा," ती म्हणाली, "किती वाळलास रे. गालफडं बसली. वेळेवर जेवतोस ना?"

मामाने हातातला लाडू खाली ठेवला. "तीन वर्षांत कुणी विचारलं नव्हतं गं," तो म्हणाला.

मावशी उठून त्याच्याशेजारी जाऊन बसली. आई चहाची किटली घेऊन दारातच उभी राहिली, पदर डोळ्यांना लावून.

परी केव्हाच जाऊ शकली असती, पण चौकटीवर बसून सगळं बघत होती. तिने फुलांवरून एक गिरकी घेतली, सोनेरी, गुलाबी, रुपेरी उजेड घरभर सांडला, आणि त्या उजेडात ती दिसेनाशी झाली. कुणी मान वर करूनही पाहिलं नाही. मावशी मामाला रागवत होती, तीन वर्षांचं साठलेलं, आणि मामा खाली मान घालून गुपचूप ऐकून घेत होता.