तोंडाशी पडलेला ढीग

तांबं अजून हातानं खणायचे, त्या काळातली गोष्ट. एका खाणीत कुदळ आणि पहार या दोघी बहिणी राबायच्या. अस्सल तांबं तेवढं घ्यायचं आणि जस्त मिसळलेला भेसळीचा दगड खाणीच्या तोंडाशी फेकायचा, हा त्यांचा शिरस्ता. पुढे माणसांना तांबं पुरेना, म्हणून पहार आणखी खोल गेली. वरून दरड कोसळली आणि ती तिथेच राहिली.

बऱ्याच वर्षांनी एक यंत्र आलं. ते खाणीत उतरलंच नाही. तोंडाशी साचलेला त्या दगडांचाच ढीग त्यानं दळला, पाण्यात घुसळला आणि तांबं, जस्त वेगवेगळं काढून ठेवलं.

"आजी, एवढं तांबं टाकून का दिलंत?" त्यानं ढिगाशेजारी गंजत पडलेल्या कुदळीला विचारलं.



"यातलं निम्मं माझ्या बहिणीनंच फेकलं रे," ती म्हणाली, "आणि मग तांबं शोधायला आत गेली."