हलगी आणि थाळी

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. नदीकाठच्या एका बाजाराच्या नगरात एक दवंडीवाला राहत होता. राजाचा हुकूम असो, नदीला चढलेलं पाणी असो की कुणाची हरवलेली म्हैस असो, नगराला कळायचं ते त्याच्याच तोंडून.

त्याच्या घराण्याची एक रीत होती. खबर सांगायची ती हलगी वाजवून आणि व्यापाऱ्यांच्या मालाची वाखाणणी करायची ती पितळी थाळी वाजवून. हलगी ऐकली की बायका तव्यावरची भाकरी उतरवून दारात येत. थाळी ऐकली की ज्याला गरज असेल तो कान देई, बाकीचे आपल्या कामात. दुसरी रीत अशी, की स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय हलगीला हात लावायचा नाही. त्यापायी तो एकेका खबरीसाठी चार-चार कोस पायपीट करी.

आता नुसत्या खबरींनी पोट भरत नाही, हे काय तुम्हाला सांगायला हवं? घर चालायचं ते थाळीवर. थाळीचं काम त्याचा मेहुणा बघायचा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. माणूस जिभेवर साखर ठेवूनच जन्मलेला. बाजारात एक फेरी मारली की कुणाकडून ज्वारी, कुणाकडून कापड घेऊन यायचा. तो नसता तर हलगीला नवं कातडंसुद्धा चढलं नसतं, हे दवंडीवाला मनातून जाणून होता. तरी दोघांची रोज जुंपायची.

"दाजी, दोन दिवस मोडून तुम्ही फुटक्या बांधाची खबर आणलीत. बांधाने आपल्याला काय दिलं?"

"खालच्या शेतांना वेळेवर कळलं, ते थोडं झालं का?"

"ते शिजवून खाता येत नाही, दाजी."

मग बायको दोघांपुढे ताटं ठेवायची आणि भांडण तेवढ्यापुरतं मिटायचं.

एका वर्षी पीक बुडालं. व्यापाऱ्यांनी हात आखडता घेतला. अशात करडईच्या तेलाचा एक व्यापारी मेहुण्याला भेटला. म्हणाला, "वर्षाची ज्वारी देतो, घरात तेलही कमी पडू देणार नाही. फक्त माझ्या तेलाला थाळी नको, हलगी वाजवा. थाळीला दार कोण उघडतं?"

दवंडीवाल्याने साफ नकार दिला. मेहुण्याने तीन दिवस पाठ सोडली नाही. "दाजी, हलगी तीच, हात तोच. यात कुणाचं काय जातंय?" चौथ्या दिवशी बायकोने रिकामं मडकं झटकून शेवटचं मूठभर पीठ काढलं. ते बघून दवंडीवाल्याने हलगी गळ्यात अडकवली. त्या दिवशी तो घाण्यावर काही बघायला गेला नाही.

दारं उघडली. तेल हातोहात खपलं. मग काय, गूळवाला आला, बांगडीवाला आला, घोंगड्यांचा व्यापारी आला. सगळ्यांना हलगीच हवी. थाळी खुंटीवर काळी पडली. घरात ज्वारी आली, पण दवंडीवाल्याला जेवण गोड लागेना. कारण हळूहळू दारं कमी उघडू लागली. हलगी वाजली की आतूनच आवाज येई, "आज कुणाचा गूळ आहे रे?"

सहा महिन्यांनी त्याच्या बायकोचे पाय सुजले. जिना चढताना तिला धाप लागू लागली. शेजारच्या दोन घरांत तेच दुखणं. वैद्य म्हणाले, "पोटात काय जातंय ते बघा." दवंडीवाला उठला तो थेट घाण्यावर गेला. मागच्या खोलीत करडईच्या पोत्यांत रानातलं काळं विषारी बी मिसळलेलं त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं.

त्याने घरी येऊन हलगी उचलली, तसा मेहुणा आडवा आला. "दाजी, हे बोललात तर ज्वारी गेली. मी गुपचूप सांगतो त्याला, तेल बदलेल तो."

"आणि आज ज्यांच्या भाजीत पडेल, त्यांचं काय?"

मेहुण्याने बहिणीच्या पायांकडे पाहिलं आणि वाट सोडली.

दवंडीवाल्याने गल्ली न् गल्ली पालथी घातली. "करडईचं तेल खाऊ नका हो, तेलात विष आहे." एक दार उघडलं नाही. एका घरातून एक बाई हसत म्हणाली, "करडईवाल्याची पाळी संपली. आता जवसाच्या तेलवाल्याने ज्वारी दिली वाटतं." घसा बसेपर्यंत तो फिरला आणि मग पारावर बसून रडला. आयुष्यातली सगळ्यात खरी खबर त्याच्याजवळ होती आणि ती घ्यायला कुणी नव्हतं.

ते मेहुण्याने पाहिलं. त्याने बैलगाडी जुंपली, बहिणीला तीत बसवलं आणि गाडी घरोघर नेऊन उभी केली. "हे माझ्या बहिणीचे पाय बघा. हे तेल आम्हाला फुकट मिळालं होतं. हलगी विकायचा हट्ट माझा होता, दाजींचा नाही." आता त्याच्या जिभेवर साखर नव्हती. लोकांनी पाय बघितले आणि तेल उकिरड्यावर ओतलं.

पण हलगीने जे एका सकाळी झालं असतं, त्याला गाडीला पाच दिवस लागले. त्या पाच दिवसांत नगरातून नऊ तिरड्या निघाल्या. त्यातली एक त्या हसणाऱ्या बाईची होती.

राजाने व्यापाऱ्याला तुरुंगात टाकलं. बायकोची सूज उतरली. मेहुण्याने स्वतः चिंच लावून थाळी घासली. "मालाला थाळीच," तो म्हणाला. "हलगी मागणाऱ्याला नाही म्हणायचं काम यापुढे माझं." ज्वारी कमी येऊ लागली. कधी नुसत्या आंबिलीवर दिवस काढावा लागे, पण त्यावरून घरात पुन्हा भांडण झालं नाही.

दवंडीवाला मात्र दोन वर्षं बंद दारांपुढे हलगी वाजवत राहिला. प्रत्येक खबर आधी जाऊन पाहायचा आणि मग मोकळ्या गल्लीला सांगायचा. एका सकाळी नदीला पाणी चढत असल्याची खबर घेऊन तो आला, तेव्हा एक म्हातारी तव्यावरची भाकरी उतरवून, पिठाच्या हातांनी दारात येऊन उभी राहिली. त्याने ती खबर तिच्या एकटीसाठी पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितली.

बोध: ज्या आवाजावर लोकांचा भरवसा असतो तो भाड्याने दिला, की गरजेच्या वेळी आपल्याच हाकेला कुणी ओ देत नाही.