पहिल्या क्रमांकाचे जाते

त्या राज्यात जवळजवळ प्रत्येक घरात जाते होते, आणि आपले जाते चांगले आहे की नाही हे कोणालाच ठामपणे सांगता येत नव्हते. पीठ तर सगळीच जाती पाडत. जाती घडवणारे डोंगराच्या चारही अंगांना पसरलेले होते आणि जो तो आपलाच दगड सर्वांत टणक असल्याचे सांगे. म्हणून त्या राज्यातले प्राणी घोरपडीवर विसंबून असत. ती दर महिन्याला ताडाच्या पानावर पारखपत्र लिही आणि वेशीवरच्या पिंपरणीच्या झाडाला टांगे. जाती, पाटे, शेगड्या, रांजण, घरात लागणाऱ्या सगळ्या वस्तूंना त्यात क्रमांक दिलेले असत. घोरपड एकेक वस्तू स्वतःच्या घरी महिनाभर वापरते आणि मगच तिच्याविषयी लिहिते, हे सगळ्यांना माहीत होते. कोणी ते पाहिले नव्हते, पण माहीत सगळ्यांना होते.

डोंगराच्या मधल्या उतारावर जवादी नावाची उदमांजरी राहत असे. तिच्या भिंतीला भिंत लावून मुंगशी नावाची मुंगसाची लेक आपल्या म्हाताऱ्या बापासह राही. जवादीकडचे जाते काळ्या दगडाचे होते. पायथ्याच्या खवल्या पाथरवटाने ते घडवले होते. देताना तो एवढेच म्हणाला होता, "जड आहे. पहिले आठ दिवस खांदे भरून येतील. वर्षातून एकदा माझ्याकडून टाकी मारून घे, दगडाला धार राहते, म्हणजे झालं." जवादीचे खांदे आठ दिवस भरून आले आणि नंतर सात वर्षे तिने त्या जात्याचा विचारही केला नाही. पीठ मऊ पडे, भाकरी फुगे. मुंगशीचे पीठ संपले की ती हक्काने येऊन जवादीच्या जात्यावर दळून जाई, आणि दोघी एकच खुंटा धरून बोलत बसत.

एका सकाळी मुंगशीच्या दारात गुलाबी दगडाचे नवे जाते उतरले. त्याला पितळी खुंटा होता.

"पारखपत्रात पहिलं आलंय," मुंगशी म्हणाली. "आता तुला माझा त्रास नाही."

"त्रास कसला," जवादी म्हणाली आणि वेशीकडे गेली.

गुलाबी जात्याचे नाव पानाच्या अगदी वर होते. जवादी खाली वाचत गेली. खवल्याचे काळे जाते नवव्या क्रमांकावर होते. पुढे लिहिले होते: जड. जुन्या वळणाचे. दुसरे मिळत नसेल तर घ्यावे.

त्या दिवशीची भाकरी तिला जाडसर लागली. दुसऱ्या दिवशी तिने पीठ दोनदा चाळले. चाळणीत काही राहिले नाही, तरी घास तोंडात फिरू लागला. भाकरी तीच होती, पण आता ती नवव्या क्रमांकाची होती.

भिंतीपलीकडून गुलाबी जात्याची घरघर ऐकू येई आणि जवादी हातातले काम टाकून ऐकत राही. मुंगशीकडे कोण दळायला आले, किती वेळ बसले, हसले का, हे सगळे तिला भिंतीला कान न लावताही कळू लागले. एकदा मुंगशीने ताजी भाकरी पाठवली. जवादीने एक तुकडा खाल्ला. तो मऊ होता. उरलेली भाकरी तिने मुंग्यांच्या वारुळावर ठेवली आणि मुंग्या ती कशी संपवतात हे शेवटपर्यंत पाहिले.

यानंतर ती दर महिन्याला सर्वांआधी वेशीवर जाऊ लागली. पाचव्या महिन्यात तिला हवे होते ते दिसले. गुलाबी जाते चौथ्या क्रमांकावर घसरले होते. ही ओळ तिने तीन वेळा वाचली. मग कुठे तिचे लक्ष वर गेले. पहिल्या क्रमांकावर पांढरे जाते होते: हलके, देखणे, फिरताना आवाज नाही.

वर्षभर साठवलेला मध देऊन जवादीने पांढरे जाते आणले. काळे जाते तिने खालच्या वस्तीतल्या साळू साळिंदरीला देऊन टाकले आणि त्याबद्दल काही घेतले नाही, कारण नवव्या क्रमांकाच्या वस्तूचे काय मागायचे हे तिला कळेना.

पांढरे जाते खरोखरच हलके होते. ते एका हाताने फिरे. पहिल्या भाकरीचा पहिला घास तिने चावला तेव्हा दाताखाली कच आली. दुसऱ्या घासालाही आली. दगड ठिसूळ होता आणि पिठाबरोबर थोडा थोडा स्वतःही दळला जात होता. कच पिठासारखीच पांढरी आणि बारीक असल्याने ती चाळणीत अडकत नव्हती. जवादी हळूहळू चावायला शिकली. दार उघडे ठेवून दळायलाही शिकली, म्हणजे जाता येता मुंगशीला दिसावे.

मुंगशीला दिसले. काही दिवसांनी ती येऊन उंबऱ्यात बसली.

"जवादे, खरं सांग. कसं आहे गं हे?"

जवादी खुंटा फिरवत राहिली.

"घोरपडबाई लिहितात ते ठीक आहे. पण तू वापरतेस. तू चांगलं म्हणालीस तर घेते. आबांना आता पेजेशिवाय काही पचत नाही, पीठ मऊ हवं."

जवादीला खरे सांगायचे होते. पण मुंगशीच्या मिशांना गुलाबी जात्याचे पीठ लागले होते आणि ते फार मऊ दिसत होते.

"उत्तम आहे," ती म्हणाली. "असं पीठ मी जन्मात पाहिलं नाही."

मुंगशीने गुलाबी जाते देऊन पांढरे घेतले. महिनाभरातच आबांच्या पोटात दुखू लागले. ते पेजेला तोंड लावत आणि वाटी बाजूला सारत. मुंगशी पुन्हा जवादीकडे आली तेव्हा तिच्या हातात रिकामे गाडगे होते.

"माझ्याच नशिबाला खोट आलेलं जातं आलं," ती म्हणाली. "कच पडते. तुझं चांगलं निघालंय, तर आबांपुरतं पीठ देशील का?"

जवादीने गाडगे घेतले. "संध्याकाळपर्यंत देते," ती म्हणाली. मुंगशी गेल्यावर तिने मूठभर पीठ फडक्यातून गाळले आणि चिमूट जिभेवर ठेवून पाहिली. कच होती. फडके दुहेरी केले, तरी होती. मग ती गाडगे घेऊन मागच्या वाटेने खालच्या वस्तीत उतरली आणि साळूच्या दारात उभी राहिली.

साळूने काही विचारले नाही. काळ्या जात्यावर तिने पायलीभर दळून दिले. "तुमच्यामुळे पोरांना धड खायला मिळतंय," ती म्हणाली, आणि जवादीला मान वर करता आली नाही.

आबांनी त्या रात्री वाटीभर पेज संपवली. आठवड्यात ते अंगणात येऊन बसू लागले. मुंगशी जवादीच्या गळ्यात पडली आणि उतारावरच्या घराघरात जाऊन सांगू लागली, "जवादीच्या जात्याचं पीठ म्हणजे औषध आहे. माझ्याकडचं खोटं निघालं, पण जातं तेच घ्या." सात घरांनी पांढरे जाते घेतले. जवादी रस्त्याने जाऊ लागली की तिच्याकडे माना वळत. त्या नजरा तिने ओळखल्या. अशाच नजरेने ती स्वतः भिंतीकडे बघत आली होती. तिला ते आवडले, आणि आवडले म्हणून ती घाबरली.

गाडगे मात्र दर आठवड्याला रिकामे होऊन येत राहिले. जवादी दर आठवड्याला मागच्या वाटेने खाली उतरे आणि डोक्यावर पीठ घेऊन वर चढे. एक दिवस वळणावर मुंगशी समोर आली. ती आबांसाठी पाला शोधायला निघाली होती. तिने आधी गाडग्याकडे पाहिले, मग वाटेकडे.

"पीठ कुठून आणतेस?"

जवादीने गाडगे खाली ठेवले. "साळूकडून. माझ्या जुन्या जात्यावरचं आहे."

"आणि नवं?"

"त्याला कच आहे."

"कधीपासून?"

"पहिल्या घासापासून."

मुंगशी वाटेतल्या दगडावर बसली. ती म्हणाली, "मी विचारायला आले होते. आबांचं नाव घेऊन विचारलं होतं."

"हो."

"मग का?"

"तुझ्याकडे ते गुलाबी जातं आलं ना," जवादी म्हणाली, "तेव्हापासून मला तुझं चांगलं झालेलं बघवत नाही."

मुंगशीने गाडगे उचलून स्वतःच्या डोक्यावर घेतले. ती घरी गेली, आबांना पेज करून दिली आणि परत येऊन जवादीच्या दारात उभी राहिली. तिने पाऊल आत टाकले नाही.

"तुझ्याशी मला पुष्कळ भांडायचं आहे," ती म्हणाली. "पण मी तुला विचारायच्या आधी ते पानावर लिहिलेलं होतं. चल, आधी घोरपडबाईंना विचारू."

घोरपडीचे घर डोंगराच्या माथ्यावर, कड्याला चिकटून होते. तिथपर्यंत कोणी जात नसे. दार उघडेच होते. दोघी आत शिरल्या आणि थबकल्या. घरात जाते नव्हते. शेगडी नव्हती, पाटा नव्हता. कोपऱ्यात ताडाची कोरी पाने रचून ठेवली होती आणि घोरपड एका वाटीतून ताक पीत होती. ती खूप म्हातारी झाली होती.

"जाती कुठे आहेत?" मुंगशीने विचारले.

"पहिली बारा वर्षं होती," घोरपड म्हणाली. "दर महिन्याला पाच-सहा येत. प्रत्येकावर दळायची, प्रत्येकाची भाकरी खायची." तिने तोंड उघडून दाखवले. आत एकही दात नव्हता. "सगळे त्यातच गेले."

"मग आता क्रमांक कशावरून लावता?" जवादी म्हणाली. "त्या पांढऱ्या जात्यानं आबा मरणार होते."

घोरपडीने तिच्याकडे नीट पाहिले. "काळं जातं तुझंच ना? त्याच्याबद्दल मी एकदा दोन अख्खी पानं लिहिली होती. दगड कुठल्या खाणीतला, टाकी कधी मारायची, सगळं. झाडामागे उभी राहून बघत होते. एकानंही वाचलं नाही. सगळे आपलं जातं कितवं ते बघत, मग शेजारचं कितवं ते बघत, आणि निघून जात." तिने ताक संपवले. "दात गेल्यावर मी दळायचं सोडलं. झाडामागे उभं राहायचं सोडलं नाही. कोण कुणाच्या दाराकडे बघतं ते आतल्या खोलीत आहे, क्रमांक त्यावरूनच लावते. बघायचं तर बघा."

आतल्या खोलीला एकच लांब भिंत होती आणि ती कोळशाने भरून गेली होती. दोघींना आधी काही उमगेना. मग मुंगशीला कळले की त्या लहान लहान चौकटी म्हणजे दारे आहेत. राज्यातले प्रत्येक दार तिथे काढलेले होते आणि प्रत्येक दारातून एक रेघ निघून दुसऱ्या कुठल्यातरी दाराशी गेली होती. काही रेघा फिकट होत्या, काही पुन्हा पुन्हा गिरवून काळ्याकुट्ट झाल्या होत्या.

जवादीने मधला उतार शोधला आणि आपले दार ओळखले. तिथून निघालेली रेघ इतकी जाड होती की कोळशाचा चुरा खाली जमिनीवर सांडला होता. ती कुठे जाते हे तिला ठाऊक होते, तरी ती नखाने रेघेवरून हळूहळू पुढे सरकू लागली. पलीकडे मुंगशीलाही आपले दार सापडले होते. तिच्याही दारातून एक रेघ निघाली होती, बरीच जुनी, काळ्या जात्याच्या दिवसांपासूनची. मुंगशीने भिंतीला नाक जवळजवळ टेकवले आणि त्या रेघेवर नख ठेवून ती चालू लागली. दोघींपैकी कोणी मान वर केली नाही. भिंतीच्या मधोमध त्यांची नखे एकमेकींना लागली.