शेरेबुकातली सही

शालेय नेतृत्वाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाचा नियम कडक होता. ऐंशी टक्के हजेरी नसेल, तर परीक्षेला बसता येत नसे. हेमलता गावंडेबाई खेड्यातल्या एका शाळेच्या प्रभारी मुख्याध्यापिका होत्या. यंदा ही पदवी मिळाली नाही, तर ते पद जाणार होतं.

विभागप्रमुख डॉ. मोहरील यांनी सगळ्या वर्गासमोर हजेरीपट टेबलावर आपटला.

“शहाण्णव दिवसांतले शहात्तर! एक दिवस कमी पडतो, गावंडेबाई. स्वतःला मुख्याध्यापिका म्हणवता ना? चला, घरी जा.”

बाईंनी पिशवीतून शाळेचं शेरेबुक काढलं. शाळेत येणारा प्रत्येक अधिकारी त्यात शेरा लिहून सही करतो.

“सर, बारा डिसेंबरला मी आले नाही, कारण आपणच दिवसभर आमच्या शाळेच्या पाहणीला आला होता. हा आपला शेरा.”

“मग?”

“इथल्या हजेरीपटावरही त्या दिवशी तास घेतल्याची आपली सही आहे.” बाईंनी टेबलावरच्या हजेरीपटाकडे बोट केलं. “आपण दोन्हीकडे हजर असाल, तर मीही होते असं धरा. नसाल, तर तास झालाच नाही, तो दिवस वजा करा. पंचाण्णवांत शहात्तर म्हणजे बरोबर ऐंशी टक्के होतात, सर.”

मोहरीलांनी हजेरीपट हळूच मिटला.

“बसा परीक्षेला. आणि ते शेरेबुक इकडे द्या.”

बाईंनी ते छातीशी घट्ट धरलं.

“शाळेचं दप्तर दुसऱ्याच्या हाती देता येत नाही, सर. नियम आहे.”