हद्दीवरच्या विहिरीचं गाणं

खूप जुन्या काळची गोष्ट. इतकी जुनी, की तेव्हा बैल बोलायचे आणि माणसं त्यांचं ऐकायचीसुद्धा!

शेजारी शेजारी दोन राज्यं होती. एक टेकडीवरचं, एक खोऱ्यातलं. दोघांच्या हद्दीवर अगदी मधोमध एक विहीर होती. तोंड अरुंद, पण पाणी कधी आटलं नाही. तिच्यावर दोन मोटा चालायच्या. टेकडीच्या अंगाला भिवरा नावाच्या विधवेची आणि समोर, खोऱ्याच्या अंगाला, म्हाताऱ्या येसबाची. भिवराचा पानमळा होता. नवऱ्यामागे तिनं तो पोटच्या पोरासारखा जपला होता. आणि पानवेलीचं कसं असतं, चार दिवस पाणी चुकलं की ती मान टाकते.

आता विहीर अरुंद आणि मोटा दोन. दोन्ही एकदम ओढल्या तर मधेच आदळणार. म्हणून एक वर येताना दुसरीनं खाली जायचं. हे सगळं जमायचं ते गाण्यावर. येसबा आवाज टाकायचा, "भरली गं मोट, येऊ दे वर!" की त्याचे बैल उतारानं पुढे चालायचे. समोरून भिवरा उचलायची, "रिती गं मोट, जाऊ दे तळाला!" की तिचे बैल पावलापावलानं मागे सरायचे. मग पुढच्या खेपेला उलट.

हेच गाणं दोन्ही राज्यांत विहिरीविहिरीवर होतं. टेकडीवरचे त्यात आपल्या देवीचं नाव घालत, खोऱ्यातले आपल्या. सांगा बरं, कुणाचं काय बिघडलं होतं?

पण एका जत्रेत दोन्ही राजे आले आणि दोघांच्याही गवयांनी एकच गाणं धरलं.

"आमचं गाणं चोरलंत!" टेकडीचा राजा म्हणाला.

"चोर तुम्ही! आमचे पणजोबा हे म्हणायचे," खोऱ्याचा राजा म्हणाला.

झालं! जत्रा राहिली बाजूला. दोघं तावातावानं घरी गेले आणि दोघांनीही एकच हुकूम काढला, ते गाणं बंद. आपल्या राज्याची ओळख सांगणारं नवं, अस्सल, बिनउष्टं गाणं म्हणायचं. जुनं जो म्हणेल त्याचे बैल जप्त. विहिरीच्या दोन्ही अंगांना एकेक शिपाई येऊन बसला, कान टवकारून.

नवी गाणी मोठी ऐटदार होती. त्यांत तलवारी होत्या, रणशिंगं होती आणि घाई तर विचारू नका!

भिवराचा हरण्या बैल म्हणाला, "बाई, या गाण्यावर मी मोट ओढू की कुणाला शिंगावर घेऊ?"

"गप रे माझ्या राजा, शिपाई ऐकतोय," भिवरा पुटपुटली. "तुला नेलं तर मळ्याला पाणी कोण पाजेल?"

दोन्ही अंगांनी दोन गाणी सुरू झाली. कुणाचा कुणाला मेळ नाही. मोटा एकमेकींवर आदळायच्या, अर्धं पाणी सांडायचं. मळ्याच्या टोकाच्या वेली पिवळ्या पडल्या.

एके सकाळी व्हायचं तेच झालं. दोन्ही मोटा एकदम वर निघाल्या, आदळल्या आणि दोर एकमेकांत गुंतले. येसबाचे बैल नव्या गाण्याच्या झपाट्यात पुढे धावत सुटले. त्यांच्या ओढीनं भिवराची जोडी मागे खेचली जाऊ लागली. हरण्या गुडघ्यावर आला. त्याचे मागचे खूर विहिरीच्या काठाला लागले.

"बाई, मी चाललो!" तो ओरडला.

भिवरानं त्याच्या गळ्याला मिठी मारली. "दादा! येसबादादा! माझा हरण्या गेला हो!"

येसबानं आपल्या बैलांना हाका मारल्या, कासरे ओढले, पण घाबरलेली जनावरं ऐकतात होय? त्यानं शिपायाकडे पाहिलं. मग समोर भिवराकडे पाहिलं. म्हाताऱ्याची सगळी मिळकत म्हणजे ते दोन बैल. पण त्यानं डोळे मिटले आणि खड्या आवाजात गाणं टाकलं.

"रिती गं मोट, जाऊ दे तळाला!"

त्याचे बैल थबकले. कान हलले. आणि एक पाऊल मागे सरले.

"भरली गं मोट, येऊ दे वर!" भिवरा रडत रडत गाऊ लागली. हरण्यानं एक पाऊल पुढे टाकलं. पुन्हा ओळ, पुन्हा पाऊल. दोर सैलावले, सुटले. हरण्या काठापासून दूर आला आणि धापा टाकत उभा राहिला.

शिपाई काय करणार? हुकूम तो हुकूम. दोघांनी वर्दी दिली आणि दुसऱ्याच दिवशी दोन्ही राजे विहिरीवर हजर झाले.

"हुकूम आधी कुणी मोडला?" टेकडीच्या राजानं विचारलं.

"मी," येसबा पुढे झाला. "पहिली ओळ माझी. त्या पोरीचे बैल सोडा, माझे न्या."

"खोटं बोलतोय तो, महाराज!" भिवरा कडाडली. "माझ्या बैलासाठी म्हटलंन ना? मग गुन्हा माझा. ते गाणं माझं."

"माझं!"

"माझं म्हणते ना!"

राजे एकमेकांकडे पाहतच राहिले. जत्रेत त्यांनीही हेच शब्द वापरले होते, पण ते मिरवण्यासाठी. इथे ही दोघं शिक्षा आपल्या अंगावर घ्यायला भांडत होती. खोऱ्याच्या राजानं मान खाली घातली. टेकडीच्या राजाला हसूही आलं आणि डोळेही भरून आले.

"असं भांडण आपल्याला का सुचलं नाही हो?" तो शेजाऱ्याला म्हणाला.

दोघांनी तिथेच हुकूम मागे घेतले. नव्या गाण्यांच्या कवींना सांगितलं, तुमची गाणी दरबारात खुशाल म्हणा, फक्त विहिरीपासून लांब! भिवराच्या काही वेली वाळल्या त्या वाळल्याच, पण बाकीच्यांना नवी पालवी फुटली. टेकडीवरचे टेकडीवरचेच राहिले, खोऱ्यातले खोऱ्यातलेच. कुणाची ओळख तसूभरही पुसली नाही.

मुलांनो, आणि मोठ्यांनो तुम्हीही ऐका: गाणं शेजाऱ्यापासून राखून आपलं होत नाही, शेजाऱ्यासाठी म्हटलं की होतं.